मनगटावरचा मसाला : शमामा अत्तराचे एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्राचे आणि गाण्याचेही होते. सुगंधाचे परीक्षण मात्र मराठीत सहसा कोणी करीत नाही. ज्याला अत्तर आवडते तो 'छान वास आहे' म्हणतो, ज्याला आवडत नाही तो 'डोके दुखते' म्हणतो, आणि चर्चा तेथेच संपते. वस्तुतः सुगंध हीदेखील एक रचना आहे. तिला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. तिच्यात मेळ साधतो किंवा साधत नाही. ती खरी असते किंवा खोटी असते. म्हणून या अंकात आम्ही परीक्षणासाठी पुस्तक न घेता एक अत्तर घेतले आहे. त्याचे नाव शमामा. त्रैमासिकाच्या पानांवर हा विषय थोडा अनपेक्षित वाटेल. परंतु बेथानीतील एका घरात दरवळलेल्या सुगंधाची नोंद ज्या शुभवर्तमानाने जपून ठेवली, त्याच्या वाचकांना तो परका वाटू नये.

आणि मराठी भाषेलाही तो परका नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सोळा सुगंधी द्रव्यांतून एका वेळी चार निवडली, तर १८२० निरनिराळी मिश्रणे होतात, असा हिशेब त्याने मांडून ठेवला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना सुगंधी लेपांची कृती दिली. आपला मराठवाडा त्या काळी याच घराण्याच्या राज्यात होता. याहून आम्हांला जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे 'गंधवाद' नावाचा ग्रंथ. त्याचा कर्ता अज्ञात आहे, पण त्यावर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी हा ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणला, आणि १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने तो गंगाधराच्या 'गंधसार' या ग्रंथाबरोबर छापून प्रसिद्ध केला. सुगंध कसा सिद्ध करावा हे मराठीतून समजावून सांगणारा कोणी एक टीकाकार काही शतकांपूर्वी होऊन गेला आहे. आम्ही त्याच्याच वाटेने चार पावले चालणार आहोत.

प्रथम वस्तूचा परिचय. शमामा हे एका फुलाचे अत्तर नव्हे. गुलाब, मोगरा, केवडा ही एका नावाची अत्तरे. शमामा हा समुदाय आहे. उत्तर प्रदेशातील कनौज हे त्याचे मुख्य माहेर. तेथील अत्तारांची घराणी आपापल्या कृती गुप्त ठेवतात, तरी मुख्य द्रव्ये सर्वांना ठाऊक आहेत: लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, दगडफूल, नागरमोथा, कपूरकाचरी, जटामांसी, आणि ऐपतीप्रमाणे केशर. तांब्याच्या मोठ्या देगेत ही द्रव्ये पाण्यासह घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि खाली मंद जाळ ठेवतात. बांबूच्या नळीतून वाफ निघते ती भपका नावाच्या तांब्याच्याच भांड्यात उतरते. भपका गार पाण्यात बुडवून ठेवलेला असतो आणि त्यात चंदनाचे तेल असते. वाफ निवते, तिच्यातील सुगंध चंदनाच्या तेलात मुरतो, आणि खाली साचलेले पाणी काढून टाकले जाते. एका द्रव्याचा अर्क उतरला की त्याच तेलावर दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा; शमाम्याचे काम असे दिवसेंदिवस चालते. शेवटी ते तेल चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवतात, म्हणजे उरलासुरला पाण्याचा अंश चामड्यातून निघून जातो आणि अत्तर मुरते. चामड्याची ही कुप्पी वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

आता अनुभव. शमाम्याचा एक थेंब मनगटावर घेतला की पहिली काही मिनिटे लवंग आणि वेलदोडा बोलतात. लवंगेतील तेलाला नुसता वास नाही, तर ऊब आणि किंचित टोचही आहे. म्हणून हे अत्तर नाकाला जाणवते त्याच क्षणी कातडीलाही जाणवल्याचा भास होतो. अर्ध्या तासाने मसाला मागे सरतो आणि मुळे वर येतात. नागरमोथा आणि जटामांसी यांचा वास जमिनीखालचा आहे. तो ओलसर व थोडा कडवट असतो आणि पहिल्या परिचयात आवडण्यासारखा नसतो. त्याच्या पाठोपाठ दगडफुलाचा कोरडा, रानातल्या खडकासारखा गंध येतो. आणि संध्याकाळी, सर्व काही विझले असे वाटत असताना, चंदन उरते. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीला जो मंद गंध असतो तो त्याचा. हे टप्पे विलायती सुगंधासारखे तुटक नाहीत. पहिल्या क्षणीही तळाशी चंदन असते आणि शेवटच्या क्षणीही लवंगेची आठवण असते. रचना म्हणून शमाम्याचा हा पहिला आणि सर्वांत मोठा गुण आहे. त्यातील द्रव्ये एकमेकांना झाकत नाहीत, तर एकमेकांना वाट देतात.

मराठी माणसाने हे अत्तर लावले की त्याला आणखी एक गोष्ट जाणवते, जी इतरांना जाणवणार नाही. हा वास त्याच्या ओळखीचा असतो. दगडफूल, लवंग, जायपत्री, वेलदोडा ही तर आपल्या काळ्या मसाल्याची यादी झाली. नागरमोथा, कपूरकाचरी आणि चंदन ही दिवाळीच्या पहाटेच्या उटण्याची. म्हणजे ज्याला अत्तार राजेशाही समजतो, त्याचा अर्धा भाग आपल्या घरच्या डब्यात आहे आणि उरलेला शेजारणीच्या उटण्याच्या वाटीत आहे. शमामा लावणे म्हणजे आजीच्या मसाल्याच्या डब्याचे झाकण मनगटावर उघडणे होय.

युरोपातील सुगंधशास्त्राने अशा उष्ण, मसालेदार, राळेच्या आणि चंदनाच्या सुगंधांना 'ओरिएंटल', म्हणजे पौर्वात्य, असे वर्गनाम दिले. पॅरिसच्या गेर्लां घराण्याने १९२५ साली 'शालिमार' बाजारात आणले. नाव मोगल बागेचे, पण त्याचा आत्मा व्हॅनिलाचा आणि इटलीतील बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचा. १९७७ साली ईव्ह सँ लोराँ यांनी लवंग, दालचिनी आणि बोळ यांनी भरलेला एक सुगंध काढला आणि त्याला 'ओपियम', म्हणजे अफू, हे नाव दिले. ज्या चीन देशाला अफूने एका शतकापूर्वी पोखरून काढले होते, त्याच्या वंशजांनी अमेरिकेत या नावाला विरोध केला, आणि तो रास्तच होता. सुगंध म्हणून दोन्ही कृती थोर आहेत, हे मान्य करण्यात आम्हांला संकोच नाही. आक्षेप आहे तो दृष्टीवर. या दृष्टीला पूर्व म्हणजे पडद्याआडचे सुख, आळस आणि गूढ असे दिसते. २०२१ साली सुगंधांचे वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी 'ओरिएंटल' हा शब्द सोडून 'अँबर' हा शब्द घेतला. शब्द गेला हे बरे झाले. परंतु गूढता खरोखर कोठे असते, हे पाहण्यासाठी पॅरिसला जाण्याची आवश्यकता नाही. वसमतला जावे.

वसमत हे हळदीचे गाव. पूर्वी परभणी जिल्ह्यात आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात असलेल्या या तालुक्याच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद जमिनीतून काढतात, शिजवतात, उन्हात वाळवतात, ढोलात फिरवून तिची साल घासतात, आणि मग ती पोत्यांतून बाजारात येते. त्या दिवसांत गावाच्या हवेलाच एक रंग आणि एक वास असतो. तो उष्ण, मातकट आणि किंचित कडू असतो. अत्तराच्या परिभाषेत बोलायचे तर तो समृद्ध, मसालेदार आणि पौर्वात्यच आहे. जो हमाल सकाळपासून पाठीवर पोती वाहतो, त्याच्या सदऱ्यात, केसांत, हाताच्या रेघांत तो मुरलेला असतो. पॅरिसमध्ये ज्याच्या छटेसाठी लोक मोठी किंमत मोजतात, ते तो फुकट लावून घरी जातो. आणि बसमध्ये त्याच्या शेजारी बसणारा थोडा सरकून बसतो.

येथे आमच्या परीक्षणाचा मूळ मुद्दा येतो. एकच गंध एका अंगावर ऐश्वर्य ठरतो आणि दुसऱ्या अंगावर घाम ठरतो. हा फरक नाकाने केलेला नाही. सचिन कुंडलकर यांच्या २००९ सालच्या 'गंध' या मराठी चित्रपटातील पहिल्या कथेत एका तरुणीला एका तरुणाच्या अंगाला येणाऱ्या उदबत्तीच्या वासाची ओढ लागते. त्या कथेत वास माणसाला माणसाजवळ नेतो. आपल्या समाजात मात्र बहुतेक वेळा वासाचे काम उलट झाले आहे. वास हा अंतर राखण्याचा बहाणा झाला. मराठवाड्यातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी कितीएकांच्या पूर्वजांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांवर जे आरोप केले गेले त्यांत वासाचा आरोप नेहमी असे. मेलेले जनावर ओढायचे काम त्यांना द्यायचे, कातडे कमवायचे काम त्यांना द्यायचे, आणि मग वास येतो म्हणून त्यांना दूर ठेवायचे.

आता ती कुप्पी आठवावी. ज्या अत्तराला दरबारात मान होता, ते चामड्यात मुरल्याशिवाय पुरे होत नाही. काच किंवा धातू ते काम करीत नाही, कारण पाणी बाहेर जाऊ देणे आणि तेल आत राखणे हा गुण चामड्याचा आहे. म्हणजे चांभार-ढोरांच्या हातचे कातडे कमावण्याचे जे कौशल्य समाजाने नाक मुरडून दूर ठेवले, त्याचीच एक लेक सुगंधाच्या घरात सून म्हणून नांदत होती, आणि मनगट पुढे करणाऱ्याला तिचे गोत्र कोणी विचारीत नव्हते. शमामा हुंगताना आम्हांला तळाशी चंदनाच्याही खाली काही तरी जुने, उबदार, सजीव असे जाणवते. तो त्या कातड्याचा अंश आहे की आमच्या मनाचा, हे सांगणे अवघड आहे. परंतु तो आता आम्हांला टाळता येत नाही.

अत्तर लावण्याच्या मराठी रीतीतही हाच प्रश्न दडलेला आहे. विलायती सुगंध माणूस आरशासमोर एकटा उभा राहून स्वतःवर फवारतो. आपल्याकडे अत्तर 'लावून घेतात'. लग्नात, सभेत, निरोपाच्या प्रसंगी पान-सुपारी आणि अत्तर-गुलाब देतात. यजमान पाहुण्याचा हात आपल्या हाती घेतो आणि मागल्या बाजूस अत्तराचे बोट फिरवितो. निजामी राजवटीतील रिवाज जवळून पाहिलेल्या या भागात कानाच्या पाळीत फाया ठेवणारे शौकीनही होते. पण सामान्य माणसाच्या आयुष्यात अत्तर आले ते दुसऱ्याच्या हातून आले. ही रीत आम्हांला आरशासमोरच्या रीतीहून श्रेष्ठ वाटते. कारण तिच्यात स्पर्श आहे. गुलाबपाणी दुरून शिंपडता येते. अत्तर दुरून लावता येत नाही. ज्या समाजात काही माणसांच्या स्पर्शालाच बंदी होती, तेथे अत्तरदाणी कोणाच्या हातापर्यंत पोहोचत असेल आणि कोठे थांबत असेल, याचा विचार वाचकांनी आपापल्या मनाशी करावा.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिमोन नावाच्या परूश्याच्या घरी जेवायला जातो. शिमोनाने त्याच्या मस्तकाला तेल लावले नाही, हे येशू त्याला बोलून दाखवतो. पाहुण्याला तेल न लावणे म्हणजे त्याला घरात घेऊनही उंबरठ्यावर ठेवणे. ते राहिलेले काम एक बदनाम स्त्री पुरे करते, आणि शिमोनाला धक्का बसतो तो सुगंधाचा नव्हे, तिच्या स्पर्शाचा.

दुसरा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातील. बेथानीला मरिया येशूच्या पायांना जे मौल्यवान तेल लावते, त्याला मराठी बायबलमध्ये जटामांसी हाच शब्द आहे. हिमालयाच्या उंच उतारांवर उगवणारे हे झुडूप, ज्याचे मूळ आपल्या शमाम्यात आहे, तेच व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिमेस गेले आणि त्या घरात दरवळले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शमाम्यातील तो ओलसर, कडवट, पहिल्या परिचयात न आवडणारा गंध बेथानीचा आहे, हे कळल्यावर तो निराळा लागतो. तो लाडिक सुगंध नाही. मरियेने केलेले ते लेपन आपल्या उत्तरक्रियेसाठी आहे, असा अर्थ येशूने त्याला दिला, आणि त्या गंधाला तो अर्थ शोभतो.

यहूदाचा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसा गरिबांना का दिला नाही? एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तीनशे म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. आक्षेप घेणारा प्रामाणिक नव्हता, हे योहान सांगतो; पण हिशेब चुकीचा नव्हता, आणि ज्या गावात हळदीची पोती वाहून घर चालते तेथे अत्तराचे परीक्षण लिहिणाऱ्याने तो टाळू नये. आमचे उत्तर असे की, मरियेने तेल स्वतःला लावले नाही. आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे द्रव्य तिने दुसऱ्याच्या थकलेल्या, धुळीने माखलेल्या पायांना लावले. सुगंधावरील खर्च कोठे उधळपट्टी ठरतो आणि कोठे भक्ती ठरतो, याची रेघ येथे आहे.

निसर्गाचा एक नियमही याला दुजोरा देतो. कोणताही सतत येणारा वास थोड्या वेळाने नाकाला जाणवेनासा होतो. अत्तर लावणाऱ्याला स्वतःचा सुगंध काही मिनिटांतच कळत नाही. शेजाऱ्याला मात्र तो दिवसभर कळतो. म्हणजे अत्तर ही मुळातच शेजाऱ्याला द्यायची वस्तू आहे. जो ते स्वतःसाठी लावतो त्याला ते पुरत नाही. तो पुन्हा लावतो, आणखी लावतो, आणि शेवटी त्याच्या बाकावर बसलेल्यांना श्वास घेणे कठीण होते.

येथून आम्ही शमाम्याच्या दोषांकडे वळतो. पहिला दोष औचित्याचा, आणि तो लावणाऱ्याचा आहे. शमामा, हिना, ऊद ही थंडीची अत्तरे. वाळा, केवडा, गुलाब ही उन्हाळ्याची. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्या उन्हात शमाम्याचे सर्व टप्पे एकदम उडतात, मसाला अंगावर येतो आणि मेळ मोडतो. हेच अत्तर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, शालीच्या उबेत, एक थेंब लावले तर धूपाशीही भांडत नाही. दुसरा दोष बाजाराचा. चंदन दुर्मीळ आणि महाग झाल्यापासून पुष्कळ स्वस्त अत्तरांत चंदनाच्या तेलाच्या जागी पातळ पॅराफिन किंवा तत्सम बिनवासाचे रासायनिक द्रव्य असते. अशा कुपीवर नाव शमाम्याचे असते, पण संध्याकाळी मनगटावर काहीच उरत नाही. शेवट नसलेली कथा आणि चंदन नसलेला शमामा यांत फरक नाही. तिसरा दोष आपणा सर्वांचा. जटामांसी हिमालयातून इतकी उपसली गेली की १९९७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. जे मूळ बेथानीपर्यंत पुरले ते आपल्या नातवंडांपर्यंत पुरेल की नाही, हा प्रश्न अत्तराच्या प्रत्येक परीक्षणात यायला हवा.

एवढे दोष मांडूनही आमचा अभिप्राय अनुकूल आहे. शमामा ही श्रेष्ठ रचना आहे. तिच्यात गोडवा थोडा आणि खोली पुष्कळ आहे. ती तरुणांना लवकर आवडणार नाही, आणि न आवडो. कडवट मुळांची गोडी कळायला वय लागते. चंदनाच्या तेलावरचे, लहान कुपीतले, थोडे महाग असे अत्तर घ्यावे आणि ते वर्षानुवर्षे पुरवावे. स्वस्तात मिळणारी मोठी बाटली घेऊ नये.

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आणखी एक सुचवावेसे वाटते. दृढीकरणाच्या वेळी बिशप सुगंधी क्रिझम तेलाने कपाळावर खूण करतात. त्या तेलात ऑलिव्हचे तेल आणि बाल्सम असतो. तो सुगंध एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा नसतो. घरच्या लग्नात, बारशाला, सणाला अत्तरदाणी निघेल तेव्हा तीच समता तेथेही असावी. मांडवाच्या दारात उभे असलेले आचारी, खुर्च्या वाहणारी मुले, बाजारातून हळदीचे पोते उतरवून आलेला हमाल यांचाही हात हातात घ्यावा आणि त्याच्या मागल्या बाजूस अत्तराचे बोट फिरवावे. त्याच्या हाताला आधीच हळदीचा वास असेल. शमामा त्याच्यावर लावून पाहावा. हे दोन वास एकमेकांशी किती सहज मिळतात, याची प्रचीती ज्याची त्याने घ्यावी.